खुलासा : सोळा वर्षांच्या मुलीला पगार देणं गुन्हा आहे का?

बीड-धाराशिव पट्ट्यात गरजू मुलांसाठी शिवणकाम, रोपवाटिका, खानावळ असे उद्योग चालवणाऱ्या संस्थांना एक वाक्य हमखास ऐकावं लागतं : ‘अठराच्या आत पगार दिला की बालमजुरी. फुकट शिकवा, पैसे देऊ नका.’

हे खरं नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदाच्या आतल्या मुलांना, घरच्या उद्योगातली मदत आणि बालकलाकार हे मोजके अपवाद सोडले, तर कामावर ठेवताच येत नाही. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना मात्र बंदी आहे ती धोक्याच्या कामांची : खाणी, स्फोटकं, ज्वलनशील पदार्थ वगैरे. बाकी काम चालतं, पण अटींवर. विश्रांती धरून दिवसाला सहा तास, सलग तीन तासांनंतर तासभर सुट्टी, संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही, ओव्हरटाइम नाही, आठवड्याला एक सुट्टी, आणि नोंदवहीत मुलाचं नाव.

उलट, मुलाची कमाई अडवून ठेवणं हाच गुन्हा आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७९ नुसार त्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखाचा दंड आहे.

या गैरसमजाची किंमत मुलंच मोजतात, याचं फार वाईट वाटतं. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन आईबाप साखर कारखान्याकडे निघतात. गावात कमाईची सोय नसेल तर पोरगीही फडावर जाते, नाहीतर तिचं लग्न उरकलं जातं. दुपारची शाळा सांभाळून मिळणारे चार तासांचे हक्काचे पैसे हे तिच्या गावात राहण्याचं कारण होऊ शकतात.