सोलापूरचा नाट्यप्रेक्षक: तो घडला कसा, तुटला कुठे

सोलापुरात नाटकाला माणसं येत नाहीत, ही तक्रार आता जुनी झाली. हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहात टीव्हीवरचे चेहरे असलेलं नाटक लागलं की गर्दी होते, आणि गावातल्या संस्थेचा प्रयोग असला की खुर्च्या रिकाम्या राहतात, असं रंगकर्मी सांगतात. मग ऑनलाइन तिकीट, रील्स, सवलतीचे दर अशा उपायांवर बोलणं येऊन थांबतं. ते उपाय करावेतच. पण या शहरात नाटकाचा प्रेक्षक एकदा घडला होता. तो कशामुळे घडला, हे आधी पाहायला हवं.

फार मागे गेलं तर राम जोशी भेटतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले हे शाहीर मूळचे सोलापूरचे. वैदिक घराण्यातला मुलगा धोंडी शाहिराच्या तमाशाच्या नादी लागला म्हणून थोरल्या भावाने घराबाहेर काढलं. ते पंढरपुरात विद्या शिकले, कीर्तनकार झाले आणि तमाशाच्या फडावरही गाजले. देवळातला श्रोता आणि फडावरचा रसिक हा बऱ्याचदा एकच माणूस असतो, हे त्यांना कळलं होतं असं मला वाटतं. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला लोटणारी गर्दी आणि मोडनिंबची लावणीची कला केंद्रं पाहिली की हा धागा आजही हाताला लागतो.

१८६० मध्ये रेल्वे आली आणि १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली. रेल्वेमुळे बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या नाटक कंपन्यांना गावं जवळ आली, आणि गिरणीमुळे हाती रोख पगार असलेला माणूस शहरात तयार झाला. १८८० मध्ये पुण्यात किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगमंचावर आलं, पुढची पन्नास वर्षं संगीत नाटकाची होती. १९३२ मध्ये मराठी बोलपट आला आणि राज्यभर कंपन्या मोडल्या.

खरी घडण त्यानंतरची आहे. १९५३ च्या कायद्यातून कामगारांच्या नाट्य स्पर्धा भरवणारं कामगार कल्याण मंडळ उभं राहिलं, १९५४ पासून राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली. या दोन्हींनी एक गोष्ट साधली, आणि माझ्या मते सोलापूरच्या प्रेक्षकाचं मूळ तिच्यातच आहे: बघणाऱ्यांच्या ओळखीचा माणूस रंगमंचावर गेला. दिवसा बँकेत, शाळेत किंवा गिरणीच्या खात्यात काम करायचं, संध्याकाळी तालमीला जमायचं. कुणाच्या घरची साडी पडदा म्हणून येते, कुणाचा दिवाण पहिल्या अंकात पाटलाच्या वाड्यात जातो. स्पर्धेच्या दिवशी शेजारी, सहकारी, मावश्या, भाचरं असा सगळा गोतावळा नाममात्र तिकिटावर आत येतो. आपला माणूस वाक्य विसरतोय का, या धास्तीने बसलेला प्रेक्षक दोन-चार वर्षांत नाटक पाहायला शिकतो. मग प्रकाशयोजना कुठे चुकली, दुसरा अंक का रेंगाळला, यावर चहाच्या गाड्यावर वाद घालतो. हे शिक्षण कोणत्याही जाहिरातीने होत नाही.

याच वातावरणातून माणसं पुढे गेली. दिग्दर्शक जब्बार पटेल सोलापुरात संगीतरसिक प्राध्यापक श्रीराम पुजारी यांच्या घरी राहून शिकले. ‘घाशीराम कोतवाल’ त्यांनी पुण्यात १९७२ मध्ये बसवलं, पण नाटकाची गोडी इथली. अतुल कुलकर्णी इथल्या ‘नाट्य आराधना’ या हौशी संस्थेतून राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले. ‘कट्यार काळजात घुसली’मधली झरीना साकारणाऱ्या फैयाज याच गावच्या. तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं मराठी नाटकाच्या बाहेर नव्हती, ही या शहराची श्रीमंती.

तुटलं ते हळूहळू. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्यासोबत खात्यांमधल्या नाटकमंडळी पांगल्या. शिकलेली मुलं पुण्याला गेली. टीव्ही घरोघरी पोचला. व्यावसायिक नाटकाचा हिशेबही अवघड झाला: मुंबईहून सेट, कलाकार, तंत्रज्ञ यांची बस आणायची, मुक्काम करायचा, तर तिकीट चढंच ठेवावं लागतं. म्हणून ठेकेदार खात्रीचं, नावाजलेलं नाटकच उचलतो. वर्षात मोजके दौरे झाले की प्रेक्षकाची सवय मोडते, आणि सवय मोडली की पुढच्या दौऱ्याची जोखीम वाढते.

तिकीट खिडकीवरचा प्लॅनही गेला. पूर्वी कागदावर खुर्च्यांचे चौकोन आखलेले असत. तिकीट देणारा पेन्सिलीने फुली मारताना म्हणायचा, “काका, तुमची नेहमीची रांग ठेवलीय, पण खांबाजवळची खुर्ची नको.” नेहमीचं गिऱ्हाईक दोन महिने फिरकलं नाही की त्याला ते कळायचं. ॲपवर तिकीट काढणं सोयीचं आहे, मात्र ही चौकशी तिथे होत नाही. स्थानिक संस्थांना ती आजही करता येईल: आलेल्या प्रत्येकाचं नाव आणि फोन लिहून ठेवायचा, प्रयोगानंतर कलाकारांनी दारात थांबायचं, पुढच्या नाटकाला स्वतः फोन करायचा.

जानेवारी २०२४ मध्ये नाट्य संमेलनाच्या शतकमहोत्सवी वर्षातलं विभागीय संमेलन इथे भरलं, तेव्हा उत्साह दिसला. तो टिकवायचा तर पहिलं काम शहराच्या पूर्व भागात आहे. यंत्रमागावर आणि विड्या वळण्यात दिवस घालवणाऱ्या तेलुगू घरांमध्ये तालमी न्याव्यात, तिथल्या मुलामुलींना भूमिका द्याव्यात, नाटकाची पत्रकं मराठीसोबत तेलुगूतही छापावीत आणि प्रयोगाची वेळ मागाची पाळी पाहून ठरवावी.