टोनआर्मचे बेअरिंग आणि नव्या आर्मची निवड

बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका सीमाभागातील काही मराठी घरांत आजही जपलेल्या आढळतात. मात्र वाजवताना तान मध्येच अडखळली, की दोष तबकडीला नाहीतर सुईला दिला जातो आणि टोनआर्मच्या (सुई धरून तबकडीवर फिरणाऱ्या हाताच्या) बेअरिंगचा, म्हणजे तो ज्यावर फिरतो त्या सांध्याचा, संशय सर्वांत शेवटी येतो.

तपासणी घरीही करता येते. सुईवर झाकण घालून, अँटी-स्केटिंग (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेला उलटा ताण) शून्यावर ठेवून, मागचे वजन फिरवून आर्म आडवा तरंगेल असा तोलावा आणि हलकी फुंकर मारावी. तो दर वेळी एकाच जागी थबकत असेल, तर छऱ्यांच्या वाटेत गंज, सुकलेले वंगण किंवा बारीक खळगा असण्याची शक्यता असते. हेडशेल (आर्मचे सुईकडचे टोक) दोन बोटांत धरून अलगद हलवल्यावर बुडाशी खडखड जाणवली, तर बेअरिंग सैल आहे. (एकाच टोकावर तोललेला आर्म मात्र मुळातच डुलतो, तो दोष नव्हे.) जांबोटी-खानापूरच्या पावसाळी दमटपणात गंज धरायला वेळ लागत नाही, खळगे बहुधा आर्म न अडकवता यंत्र हलवल्याने किंवा स्क्रू जास्त आवळल्याने पडतात. शिलाई मशीनचे तेल सोडणे हा उपाय नव्हे, कारण त्यात धूळ चिकटून अडथळा वाढतो.

बेअरिंग बदलता येत नसेल, तर नवा आर्म घेताना किमतीआधी त्याचे परिणामी वस्तुमान (हलताना सुईला जाणवणारे वजन) पाहावे. ते वस्तुमान आणि सुईच्या दांडीची लवचीकता मिळून एक नैसर्गिक कंपन ठरते, आणि ते ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान असणे इष्ट, म्हणजे तबकडीच्या वाकडेपणातून येणारी संथ हालचाल खाली राहते आणि २० हर्ट्झपासूनचे संगीत वर. आर्म ११ ग्रॅम, कार्ट्रिज (सुई बसवलेला डबीसारखा भाग) ६ आणि स्क्रू १, असे १८ ग्रॅम धरून त्याला उत्पादकाने दिलेल्या, समजा १२, या लवचीकतेच्या आकड्याने गुणले, तर २१६ येतात. त्याच्या वर्गमुळाने १५९ या ठरावीक आकड्याला भागल्यावर सुमारे १०.८ हर्ट्झ मिळतात. त्याच आर्मवर ३० लवचीकतेचे जुने कार्ट्रिज बसवले, तर आकडा ७ च्या खाली घसरतो. अनेक जपानी उत्पादक ही लवचीकता १०० हर्ट्झला मोजून देतात. १० हर्ट्झचा आकडा साधारण दीडपट ते दुप्पट असतो, हे हिशेबात धरावे.

त्यानंतर तबकडीच्या मधल्या खिळ्यापासून आर्मच्या आसापर्यंतचे अंतर मोजावे. रेगा या कंपनीच्या नेहमीच्या आर्मला ते २२२ मिलिमीटर लागते, तर एसएमई या कंपनीच्या नऊ इंची आर्मला सुमारे २१५. एसएमईची सरकती बैठक थोडाफार फरक सांभाळून घेते, रेगासाठी पाडलेले गोल भोक मात्र सरकवता येत नाही.