१ जून ते ३१ जुलै: पावसाळी मासेमारी बंदीची तारीख आली कुठून आणि भरतंय कोण

पावसाळ्यात बोटी वर ओढायच्या हे कोळ्यांना कुठल्या सरकारने शिकवलेलं नाही. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा मृगाच्या आधी होडी किनाऱ्यावर घ्यायची, शाकारायची, घरात आगोटची बेगमी म्हणजे तांदूळ, मसाला, सुके बोंबील, जवळा, सोडे भरून ठेवायचे आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन मगच पुन्हा बाहेर पडायचं, एवढं साधं होतं. तेव्हा बंदी मोडायचा प्रश्नच नव्हता कारण त्या समुद्रात जाणार कोण.

गडबड सुरू झाली इंजिनं आल्यावर. १९५०-६० च्या दशकांत सहकारी सोसायट्यांमधून कर्जं मिळाली, होड्यांना इंजिनं बसली, मग तळातून जाळं ओढत नेणारे ट्रॉलर आले आणि कोळंबीच्या निर्यातीत पैसा दिसायला लागला. आता जूनमध्येही समुद्रात टिकेल अशी बोट ज्याच्याकडे आहे तो का थांबेल? ७० च्या दशकात गोव्यात रापणकार म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे आणि ट्रॉलरवाले समोरासमोर आले, केरळमध्येही तेच. त्यातून कायदे झाले. केंद्राने १९७९ मध्ये राज्यांना कायद्याचा एक नमुना पाठवला, गोवा आणि केरळने १९८० मध्ये कायदा केला, महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. पावसाळी ट्रॉलबंदी १९८८ मध्ये केरळने सुरू केली, ती कोर्टात गेली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. म्हणजे सुरुवातीला भांडण छोटा विरुद्ध मोठा असं होतं, पावसाळ्यात अंडी देणाऱ्या मासळीला वाचवायचं कारण तेव्हाही होतं पण पुढे तेच मुख्य झालं.

आता तारखेकडे येतो कारण किनाऱ्यावर आजही सगळ्यात जास्त वाद तिच्यावरच होतो. आपल्याकडे बरीच वर्षं नियम असा होता की १० जूनपासून बंद, आणि १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यातलं जे आधी येईल तेव्हा सुरू. यात सण आणि कायदा एकत्र बसलेले होते. पौर्णिमा कधी लवकर यायची, २०१२ मध्ये तर २ ऑगस्टलाच होती, मग दिवस कमी व्हायचे, आणि उशिरा आली तर १५ ऑगस्टची मर्यादा होतीच, तेव्हा पूर्ण ६७ दिवस मिळायचे. दुसरीकडे १२ सागरी मैलांच्या पलीकडचा समुद्र केंद्राच्या ताब्यात, आणि केंद्राची बंदी होती १५ जून ते ३१ जुलै, ४७ दिवस. म्हणजे एकाच बंदरातून निघणाऱ्या बोटीला १ ऑगस्टला बाहेरचा समुद्र खुला पण तिथे जायला मधला राज्याचा समुद्र ओलांडायचा, तो बंद. याचा गैरफायदा कोण घेत होतं हे प्रत्येक बंदरात माहीत होतं.

मग एका तांत्रिक समितीने दिवस वाढवायची शिफारस केली आणि २०१५ पासून पश्चिम किनाऱ्याला १ जून ते ३१ जुलै, पूर्व किनाऱ्याला १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस ठरले, महाराष्ट्रानेही आपल्या हद्दीत तीच तारीख घेतली. ऐकायला छान वाटतं, ४७ चे ६१ झाले. पण आपल्या राज्याच्या समुद्रापुरतं बघितलं तर जूनचे पहिले ९ दिवस बंदीत आले आणि ऑगस्टचे पहिले जास्तीत जास्त १५ दिवस बंदीतून निघाले. मला हा सौदा तोट्याचा वाटतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात समुद्र बऱ्याचदा खवळलेलाच असतो, वाऱ्याचे इशारे असतात, लहान बोटवाला नारळी पौर्णिमेची वाट बघत बसतो आणि मोठ्या इंजिनाचा ट्रॉलर १ तारखेला पहाटेच गेलेला असतो. पहिल्या फेऱ्यांत जी मासळी येते त्यात बारीक पिल्लंच जास्त, ती जाते फिशमीलच्या म्हणजे मासळीची भुकटी करणाऱ्या कारखान्याला किंवा मातीमोल भावात, आणि धक्क्यावर एकदम माल आल्यामुळे चांगल्या मासळीचाही भाव पडतो. म्हणजे दोन महिने थांबला सगळा गाव आणि त्याचं फळ पहिल्या आठवड्यात नेलं चार जणांनी.

एकच तारीख ठेवण्यामागचं कारण मला पटतं, इथे बंद आणि शेजारी चालू असेल तर शेजारच्या बोटी येऊन साफ करून जातात, हे पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळ्यांनी भोगलंय. पण १२ मैलांच्या आत तारीख ठरवायचा हक्क राज्याचा आहे आणि बाकीच्यांनी तो वापरलाय. केरळ आपल्या समुद्रात आधी ४७ आणि २०१८ पासून ५२ दिवसांची वेगळी ट्रॉलबंदी ठेवतं, गुजरातने अलीकडच्या मोसमांत १५ ऑगस्टपर्यंत बंद नेली. आपल्याकडे सातपाटी-अर्नाळा पट्ट्यातून १५ मे ते १५ ऑगस्ट अशी सुमारे ९० दिवसांची मागणी आहे, ती मागणारे स्वतः मच्छीमार आहेत, हे शहरात बसून "कोळ्यांना बंदी नको असते" म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. त्यांचं म्हणणं पापलेटवरून आहे, मे महिन्यात डोल जाळ्यात बोटाएवढी पिल्लं येतात आणि तीच थांबवली तर दिवाळीला किलोवर भाव मिळेल.

२०२० ला तर वेगळंच झालं. मार्चपासून लॉकडाऊन, बर्फ नाही, मार्केट बंद, खलाशी बोटीवरच अडकलेले, मग भरपाई म्हणून केंद्राने बंदी १५ जूनपासून केली, पुन्हा ४७ दिवस. त्यातच ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं. दिलेले १४ दिवस कोकणात किती जणांच्या कामी आले ते सांगायला नको, ज्यांच्या बोटीच फुटल्या त्यांना कसली सवलत.

आता पैशाचं. मे संपताना कुठल्याही बंदरावर जा, चित्र सारखंच. इंजिन उघडून तेलपाणी, जाळी सोडवून, धुऊन, वाळवून माळ्यावर, उंदीर लागू नये म्हणून वर टांगून, बोटीवर ताडपत्री, आणि बाजूला कुणीतरी वहीत हिशोब करतोय. नौकामालकाचं कर्ज या दोन महिन्यांत थांबत नाही, डिझेलच्या परताव्याचे पैसे सरकारकडे अडकलेले, आणि पुढच्या मोसमासाठी खलाशांना उचल द्यायचीच, नाहीतर ते दुसऱ्या बोटीवर जातात. खलाशी आज बरेचसे नेपाळ, यूपी, ओडिशा, आंध्रचे, डहाणू-तलासरीचे आदिवासी तर गुजरातच्या बंदरांवर जातात. त्यांचा मोसम संपला की वाट्याचा हिशोब होतो, त्यातून उचल कापली जाते, हातात उरेल ते घेऊन गावाला, आणि जुलैमध्ये पुन्हा नवी उचल. बंदीतली मदत त्यांच्यापर्यंत सहसा पोचत नाही कारण ती सोसायटीच्या सभासदाला, इथल्या कागदपत्रांवर.

आणि मदत तरी किती. केंद्राच्या योजनेत मच्छीमाराने स्वतःचे १५०० भरायचे, सरकार ३००० घालणार, असे ४५०० रुपये तीन महिन्यांत मिळतात, म्हणजे महिन्याला १५००, त्यातले ५०० त्याचेच. तेही दारिद्र्यरेषेखाली असेल तर, वय १८ ते ६० मध्ये असेल तर. तमिळनाडूत राज्य सरकार बंदीच्या काळासाठी कुटुंबाला ८००० देतं. बंदी मात्र आपल्याकडे आणि तिथे ६१ दिवसांचीच आहे.

बायकांचा तर विषयच कुठे येत नाही. बोट बंद म्हणजे कोळणीची टोपली रिकामी, पण तिला भाडं, मुलांच्या शाळेची जूनमधली फी, सगळं आहेच. मग ती काय करते, एप्रिल-मेच्या उन्हात बोंबील बांबूला अडकवून सुकवलेले असतात ते विकते, पहाटे घाऊक बाजारातून आंध्रहून ट्रकने आलेले रोहू-कटला उचलते, मधला मार्जिन किलोला थोडाच, आणि गिऱ्हाईक म्हणतं हे गोड्या पाण्यातलं आम्ही खात नाही. सुकवताना अवकाळी पाऊस आला तर अख्खा माल काळा पडतो, त्याची नुकसानभरपाई शेतकऱ्यासारखी मिळत नव्हती. बर्फ फोडणारे, हातगाडीवाले, जाळी तुनणारे, यांचंही तेच, कुठल्याच यादीत नाव नाही.

अजून एक गुंता म्हणजे बंदी कोणावर. बिगर यांत्रिकी पारंपरिक होडीला सूट आहे, पण आज वल्ह्याची होडी उरलीय किती? खाडीच्या तोंडाशी जाळं टाकणाऱ्याच्या होडीलाही मागे छोटं इंजिन लावलेलं असतं, ते लावलं की तो यांत्रिकी, कायद्यात ट्रॉलरच्याच रांगेत. काही ठिकाणी अधिकारी दुर्लक्ष करतात, काही ठिकाणी नेमका तोच पकडला जातो कारण तो किनाऱ्यावरून दिसतो. खाडीत पाग टाकणारे, कालवं-तिसऱ्या काढणारे यांचं तर घरच त्यावर चालतं. पहिल्या पावसात गाभोळीने म्हणजे अंड्यांनी भरलेली चिवणी मासळी आवडीने खातात तिथे मात्र मला वाटतं आपणही जरा थांबायला हवं, अंडी समुद्रातली आणि खाडीतली वेगळी नसतात.

गेल्या काही वर्षांत सरकारचा भर नुसत्या दिवसांवरून मासळीच्या आकाराकडे सरकलाय. २०१६ च्या आदेशाने पर्ससीनचे म्हणजे मासळीचा थवा वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याचे परवाने कमी करून सप्टेंबर ते डिसेंबरपुरते ठेवले, २०१७ मध्ये एलईडी लाइट लावून मासेमारी आणि बुल ट्रॉलिंग म्हणजे दोन बोटींनी मिळून एक जाळं ओढणं यांवर केंद्राने बंदी घातली, २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यातले दंड वाढले, आणि २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला, त्याच वर्षी ५४ जातींसाठी किमान आकार ठरला, पापलेट १३५ मिमी, बोंबील १८० मिमी, सुरमई ३७० मिमी. पण समुद्रात बघायला गस्तीच्या बोटी मोजक्या, आणि धक्क्यावर मोजपट्टी घेऊन उभं राहणार कोण.

२०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा शेतीच्या दराने मिळायची वाट त्यातून मोकळी झाली, बर्फाच्या कारखान्याला आणि शीतगृहाला याचा फायदा नक्की. जून-जुलैमध्ये घरी बसणाऱ्या खलाशाला आणि कोळणीला महिन्याला किती द्यायचं, आणि बोटी १ ऑगस्टला सोडायच्या की १५ ला, हे दोन्ही मुद्दे त्या निर्णयात नाहीत, त्यासाठी १२ मैलांच्या आतला आदेश राज्यालाच बदलावा लागेल.