पार्श्वभूमी : हेरांची बातमी आणि लोकनियुक्तांचा अंकुश

सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या बाणूरगडावर बहिर्जी नाईकांची समाधी आहे. शिवरायांच्या हेरखात्याचा हा प्रमुख. याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. १२ मार्च १९१३ ला त्यांचा जन्म झाला तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं. बहिर्जींनी शत्रूची बातमी आणली. संरक्षणमंत्री झालेल्या यशवंतरावांवर वेळ आली ती १९६२ च्या चीन युद्धात बातमी का आली नाही, हे लोकसभेत उभं राहून सांगण्याची. लष्करी गुप्तवार्तेवर लोकांनी निवडून दिलेल्यांचा अंकुश असावा, या विचाराचा भारतातला प्रवास समजून घ्यायचा तर या दुसऱ्या माणसापाशी जास्त वेळ थांबावं लागतं.

सगळी सत्ता एका हातात देऊ नये, ही समज आपल्याकडे जुनी आहे. स्वराज्यातल्या गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत. किल्ल्या हवालदाराकडे, हिशेब सबनिसाकडे, कोठाराची जबाबदारी कारखानिसाकडे. एकट्याने फितुरी करून गड शत्रूला देणं अवघड व्हावं, हाच त्यामागचा हेतू. अर्थात ती व्यवस्था राजाला जबाबदार होती, रयतेला नव्हे.

इंग्रजांच्या काळात गाडी उलट्या दिशेने गेली. सरसेनापतीच्या प्रस्तावांवर व्हाइसरॉयला दुसरं मत देणारा एक लष्करी सदस्य कौन्सिलमध्ये असे. सरसेनापती किचनेरला तो नको होता. वाद लंडनपर्यंत गेला, किचनेरची सरशी झाली आणि ऑगस्ट १९०५ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने राजीनामा दिला. त्यानंतर सरसेनापती हाच सैन्याचा प्रमुख आणि हाच सरकारचा लष्करी सल्लागार. सप्टेंबर १९४६ मध्ये हंगामी सरकारात बलदेवसिंग संरक्षण खात्यावर आले, तेव्हा हे चित्र बदललं. राज्यघटनेच्या कलम ५३ ने संरक्षण दलांचं सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे दिलं आणि त्याचा वापर कायद्याने नियमित होईल असं लिहून ठेवलं. १९५५ मध्ये ‘कमांडर-इन-चीफ’ हे पदच गेलं.

कागदावर अंकुश पक्का झाला, पण गुप्तवार्तेचं कामकाज विचित्र राहिलं. चीनच्या सीमेवरची बातमी मिळवण्याचं मुख्य काम इंटेलिजन्स ब्युरोकडे, म्हणजे पोलिसी परंपरेतून आलेल्या नागरी यंत्रणेकडे होतं. १९५० पासून १९६४ पर्यंत तिचे संचालक होते बी. एन. मलिक. सैन्याची स्वतःची गुप्तवार्ता शाखा तुटपुंजी होती. बातमी आणणारा आणि तिचा अर्थ लावणारा एकच असेल, तर त्याचं चुकलं हे सांगणार कोण? चीन मोठा प्रतिकार करणार नाही, या अंदाजावर पुढे पुढे चौक्या उभारल्या गेल्या. त्या अंदाजाची उलटतपासणी करणारी दुसरी नजर नव्हती.

त्यात संरक्षणमंत्री कृष्ण मेनन आणि सेनाधिकारी यांच्यात विश्वास उरला नव्हता. बढत्यांमधल्या हस्तक्षेपावरून १९५९ च्या ऑगस्टअखेर लष्करप्रमुख थिमय्यांनी राजीनामा दिला. नेहरूंच्या सांगण्यावरून तो मागे घेतला, पण जखम राहिली. इथे एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मेनन लोकांनी निवडून दिलेलेच होते, म्हणजे नागरी नियंत्रण होतंच. पण कोणाला कुठे नेमायचं यात मंत्री शिरला आणि ‘तुमच्या माहितीला आधार काय’ हे विचारायचं राहून गेलं. अंकुश होता, तो चुकीच्या जागी टोचत होता.

२१ नोव्हेंबर १९६२ ला यशवंतरावांनी संरक्षण खातं हाती घेतलं. चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली तो हाच दिवस. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य आपल्याकडे आजही म्हटलं जातं, पण दिल्लीत त्यांनी केलेलं काम त्या वाक्याहून कमी गाजावाजाचं आणि जास्त टिकाऊ होतं. तिन्ही दलांचे प्रमुख आणि संरक्षण सचिव यांना सकाळी एकत्र बसवून बोलण्याची पद्धत त्यांनी पाडली. मतभेद त्याच खोलीत मांडले जात. लढाई कशी करायची हे सेनापतींनी ठरवायचं, धोरण आणि जबाबदारी मंत्र्याची, अशी वाटणी हळूहळू रुळली.

चीनकडून झालेल्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर पी. एस. भगत यांनी केली. २ सप्टेंबर १९६३ ला यशवंतरावांनी लोकसभेत तिच्यावर निवेदन केलं. गुप्तवार्ता गोळा करण्याचं काम समाधानकारक नव्हतं, माहिती सावकाश मिळत होती आणि तिचं वृत्त मोघम होतं, हे त्यांनी मान्य केलं. सैन्य कितीही मोठं आणि सुसज्ज असलं तरी त्याला सरकारकडून योग्य धोरण आणि ठळक निर्देश मिळावेच लागतात, असंही ते म्हणाले. म्हणजे दोष सैनिकावर ढकलून ते मोकळे झाले नाहीत. मूळ अहवाल मात्र सभागृहासमोर ठेवला नाही. सुरक्षिततेला धोका आणि सैनिकांच्या मनोधैर्यावर परिणाम, ही त्याची कारणं दिली.

१ सप्टेंबर १९६५ ला जम्मूतल्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे शिरले, तेव्हा हवाई दल वापरायची परवानगी त्यांनी काही मिनिटांत दिली. सकाळच्या बैठकांनी कमावलेला विश्वास त्या संध्याकाळी उपयोगी पडला. गुप्तवार्तेचं दुखणं मात्र कायम होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काश्मीरमध्ये घुसखोर आल्याची खबर गुलमर्गजवळच्या एका गुराखी पोराने दिली होती. आणि १९९९ च्या मे महिन्यात कारगिलची पहिली खबर दिली ती याक शोधायला निघालेल्या मेंढपाळाने. माण, खानापूर, आटपाडीच्या माळावर मेंढरं हिंडवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. डोंगरात परका माणूस आला तर सर्वांत आधी मेंढपाळालाच कळतं.

दोन्ही वेळा नव्या यंत्रणा आल्या. १९६५ मध्ये संयुक्त गुप्तवार्ता समिती सेनाप्रमुखांकडून काढून मंत्रिमंडळ सचिवालयात नेली गेली. सप्टेंबर १९६८ मध्ये इंटेलिजन्स ब्युरोतून परदेशी शाखा वेगळी काढून ‘रॉ’ झाली. प्रमुख रामनाथ काव, आणि सूत्रं थेट पंतप्रधानांकडे. त्या वेळी यशवंतराव गृहमंत्री होते. कारगिलनंतर काय चुकलं हे तपासायला के. सुब्रह्मण्यम समिती नेमली गेली, आणि तिचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे आला. मंत्रिगटाने शिफारशी केल्या आणि २००२ मध्ये तिन्ही दलांची संरक्षण गुप्तवार्ता संस्था उभी राहिली. १ जानेवारी २०२० ला देशाला पहिले संरक्षण दलप्रमुख मिळाले.

संसदेचा हात मात्र इथवर पोचलेला नाही. १९९३ पासून संरक्षणाची स्थायी समिती आहे, ती खर्च आणि तयारी तपासते. गुप्तवार्ता संस्थांवर देखरेख ठेवणारी स्वतंत्र संसदीय समिती नाही. २०११ मध्ये तशी तरतूद असलेलं खासगी विधेयक मनीष तिवारी यांनी मांडलं, त्याचा कायदा झाला नाही. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या तक्रारी सोडल्या, तर माहिती अधिकारातूनही रॉ आणि इंटेलिजन्स ब्युरोला सूट आहे.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) या गावाच्या नावातच लष्कर आहे. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ ला साताऱ्यात सुरू झाली. ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या पोरं भरती झाली, त्यांना चुकलेल्या बातमीची किंमत सांगावी लागत नाही. आपल्या माणसाला कोणत्या माहितीवर पुढे धाडलं, हे त्यांच्या वतीने कोणीतरी बंद खोलीत का होईना, पण अधिकाराने विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

हेंडरसन ब्रूक्स अहवालाचा काही भाग २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने इंटरनेटवर टाकला. त्याआधी, एप्रिल २०१० मध्ये, तो खुला करण्याबद्दल संसदेत प्रश्न आला होता. मजकूर संवेदनशील आहे आणि लष्करी कारवायांच्या दृष्टीने आजही महत्त्वाचा आहे, असं उत्तर संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी दिलं. यशवंतरावांच्या निवेदनाला तेव्हा ४६ वर्षं उलटून गेली होती.