स्वप्न विसरते कुठे आणि आठवते कसे

झोपेत असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे भान येणे, म्हणजे ल्युसिड ड्रीमिंग किंवा सजग स्वप्न, ही आता सांगोवांगीची गोष्ट राहिलेली नाही. १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी अ‍ॅलन वर्स्ली यांच्या झोपेची नोंद घेत असताना, आधी ठरल्याप्रमाणे स्वप्नातून डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून दिलेली खूण यंत्रावर टिपली, आणि पुढे काही वर्षांतच स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हाच पुरावा मिळवला. रेम झोपेत, म्हणजे बंद पापण्यांआड डोळे झपाट्याने हलतात आणि ठळक स्वप्ने पडतात त्या टप्प्यात, शरीराचे बहुतेक स्नायू लुळे पडलेले असतात, पण डोळ्यांचे स्नायू मोकळे राहतात, म्हणून ही खूण शक्य झाली. असे स्वप्न आपल्यालाही पडावे या ओढीने अनेक जण थेट तंत्रांमागे लागतात. पण ज्याला आठवड्यातून एकही स्वप्न धड आठवत नाही, त्याला सजग स्वप्न पडून गेले तरी सकाळी त्याचा पत्ता नसण्याचीच शक्यता जास्त. त्यामुळे पहिले काम आठवणीचे.

‘मला स्वप्नेच पडत नाहीत’ असे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती पडतात. शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नेथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये रेम झोपेचा शोध जाहीर केला, आणि त्यानंतरच्या प्रयोगांत या झोपेतून मुद्दाम उठवलेल्या माणसांनी सुमारे ८० टक्के वेळा स्वप्न सांगितले. म्हणजे अडचण स्वप्न पडण्यात नाही, ते जागेपणात आणण्यात आहे. रेम झोपेत मेंदूतील नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा पुरवठा जवळजवळ थांबतो, आणि अनुभव पक्का होऊन स्मृतीत जाण्यासाठी ज्या रसायनांची मदत होते त्यांपैकी हे एक महत्त्वाचे रसायन आहे. २०१९ मध्ये उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात, हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाशी असलेल्या भागातील विशिष्ट चेतापेशी रेम झोपेत सक्रिय होऊन हिप्पोकॅम्पस या आठवणी साठवण्यास मदत करणाऱ्या भागाच्या कार्यात अडथळा आणतात, असेही दिसले. माणसाच्या स्वप्नांबाबत यावरून थेट निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, तरी विसरणे हा निष्काळजीपणा नसून झोपेच्या रचनेचाच भाग असावा, या कल्पनेला त्यातून बळ मिळते.

मग काहींना रोज सविस्तर स्वप्ने आठवतात ती कशी? फ्रान्समधील ल्यों येथे पेरीन रुबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आठवड्यातून सरासरी पाच सकाळी स्वप्न आठवणाऱ्यांची तुलना महिन्यातून जेमतेम दोनदा आठवणाऱ्यांशी केली. पहिल्या गटातील लोक झोप लागल्यानंतर रात्रभरात मधूनमधून मिळून सुमारे ३० मिनिटे जागे असत, तर दुसऱ्या गटातील लोक साधारण त्याच्या निम्मा वेळ. हे जागे होणे इतके अल्प असते की सकाळी ते आठवतही नाही. पण तेवढ्या अवधीत स्वप्नाचा धागा जाग्या मेंदूच्या हाती लागतो, असे या मताचे अभ्यासक मानतात. माझ्या मते या विषयातील सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे. आठवण वाढवण्याचे प्रयत्न झोपेत करता येत नाहीत. ते जाग येण्याच्या उंबरठ्यावर करावे लागतात.

जागे होताच डोळे उघडू नयेत, कूस बदलू नये आणि ‘आज काय काय करायचे आहे’ हा विचार शक्यतो मनात येऊ देऊ नये, कारण नवा विचार आला की हाती असलेले स्वप्न झपाट्याने निसटते. काहीच आठवत नसेल तर प्रसंगाऐवजी भावना शोधावी. समजा, उठल्यावर फक्त कसलीशी घाई जाणवते आहे. तिच्यापाशी थांबले की एखादा जिना आठवतो, मग जिन्यावर किल्ल्या शोधत उभे असल्याचे आठवते, आणि त्याआधी ज्या खोलीतून बाहेर पडलो तिथे फार वर्षांपूर्वी सुटलेली शाळेची परीक्षा चालू होती हेही वर येते. स्वप्न असे बहुधा शेवटाकडून सुरुवातीकडे उलगडते. उठून बसण्यापूर्वी ते एकदा मनात पुन्हा पाहावे आणि मगच उशाशी ठेवलेल्या वहीत उतरवावे. आधी ‘जिना, किल्ल्या, परीक्षा’ असे सुटे शब्द, नंतर वाक्ये. मोबाइलवर लिहायला हरकत नाही, पण पडदा उजळला की आलेले निरोप आधी दिसतात, म्हणून कागदच बरा. ज्या दिवशी काहीच आठवत नाही त्या दिवशीही ‘काही आठवले नाही, मन जड होते’ एवढे तरी लिहावे. एरवी कमी आठवणाऱ्यांना अशा नोंदींचा विशेष फायदा होतो, असे स्वप्नवहीवरील अभ्यासांत आढळले आहे.

वेळेचाही विचार हवा. झोपेचे एक चक्र साधारण ९० मिनिटांचे असते. पहिल्या चक्रातील रेम झोप काही मिनिटांचीच असते आणि पहाटेकडे ती लांबत जाते. त्यामुळे आठ तासांऐवजी सहाच तास झोपणारा माणूस स्वप्नांचा सर्वांत समृद्ध भाग गमावतो. मद्य रात्रीच्या पूर्वार्धातील रेम झोप दाबते, तर नैराश्यावरील अनेक औषधेही ती कमी करतात. अर्थात स्वप्नांसाठी अशी औषधे स्वतःहून बंद करण्याचा विचारही करू नये.

वही भरू लागली की तिचा खरा उपयोग कळतो. ती चाळताना तीच परीक्षा, तेच बंद पडणारे दिवे, हयात नसलेली तीच व्यक्ती पुन्हा पुन्हा भेटते. सजग स्वप्न पडावे म्हणून लाबर्ज यांनी सुचवलेल्या ‘माइल्ड’ या तंत्राला हीच सामग्री लागते. पहाटे स्वप्नातून जाग आल्यावर ते स्वप्न आठवायचे, त्यातील विसंगत खूण हेरायची, ‘पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला लक्षात येईल’ असा निश्चय करायचा आणि त्या खुणेपाशी आपण सजग झालो आहोत असे कल्पित पुन्हा झोपी जायचे. स्वप्नच आठवले नाही तर या साखळीतील पहिली कडीच नसते.

त्यासाठी कोणी पाच तासांनी गजर लावून उठतात. झोपमोड झाल्याने दुसरा दिवस वाया जात असेल, तर हा प्रयोग सुट्टीच्या दिवसापुरता ठेवावा. ज्यांना निद्रानाशाचा त्रास आहे, किंवा भास आणि वास्तव यांतील सीमा पुसट होण्याचा अनुभव आला आहे, त्यांनी तो डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नये.