ड्रॅगनचे प्रकार (टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळ)

फँटसी टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळांत, म्हणजे टेबलाभोवती बसून, काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेऊन आणि फासे टाकून खेळायच्या खेळांत, ड्रॅगन ही एकच जात नसते. त्याचे अनेक प्रकार असतात आणि प्रकार कळला की तो कुठे राहतो, कशाचा फूत्कार टाकतो आणि साधारण कोणत्या वृत्तीचा आहे हेही कळते. पुण्यातल्या गटांत नियम इंग्रजी पुस्तकांतले असले तरी वर्णन, वाटाघाटी आणि ऐन लढाईतली वादावादी मराठीतच चालते. गोष्ट सांगणाऱ्याला ‘डीएम’ म्हणतात आणि खेळाडूंच्या चमूला ‘पार्टी’.

या वर्गीकरणाचा उगम ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ च्या खेळात आहे. त्यात पांढरा, काळा, हिरवा, निळा, लाल आणि सोनेरी असे सहा ड्रॅगन होते. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीने पितळी, तांब्याचा, कांस्य आणि रुपेरी यांची भर घातली आणि पाच रंगीत, पाच धातूंचे अशी आजची विभागणी पुरी झाली. रंगीत ड्रॅगन परंपरेने दुष्ट आणि धातूंचे सज्जन. रंगीतांची राणी तियामत हिचे नाव बॅबिलोनियन पुराणकथेतील आदिसमुद्राच्या देवीवरून घेतले आहे, तर धातूंच्या ड्रॅगनांचा राजा बहामुत याचे नाव अरबी विश्वकथांतल्या पृथ्वीचा भार पेलणाऱ्या महामत्स्याचे आहे. तियामतची पाच रंगांची पाच तोंडे मात्र या खेळाचीच निर्मिती आहे.

लाल ड्रॅगन डोंगरात राहतो आणि आग ओकतो. निळा वाळवंटातला, त्याच्या तोंडून वीज निघते. हिरवा जंगलात विषारी वायू सोडतो, काळा दलदलीत आम्ल फेकतो, पांढरा हिमप्रदेशात गारठवून मारतो. फूत्काराचा आकारही महत्त्वाचा. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत लाल, हिरवा आणि पांढरा यांचा मारा शंकूसारखा पसरतो, तर निळा आणि काळा सरळ रेषेत मारतात. म्हणून निळ्यासमोर पार्टीने एका ओळीत उभे राहणे घातक ठरते. खेळाडूंनी हे आधीच ओळखून ठेवले, तर नुसता झाडाच्या बुंध्यावरचा आम्लाने जळालेला डाग दाखवूनही डीएम धडकी भरवू शकतो. प्रकारांची खरी उपयुक्तता इथेच आहे. राक्षसाची माहिती लपवून ठेवण्यापेक्षा ती थोडीथोडी ओळखू देणे जास्त परिणामकारक असते.

धातूंच्या ड्रॅगनांकडे दोन फूत्कार असतात, एक जखमी करणारा आणि एक नुसते निष्प्रभ करणारा. पितळी झोप आणतो, तांब्याचा हालचाल मंदावतो, रुपेरी जागीच खिळवतो. तांब्याच्या ड्रॅगनला विनोद आणि कोडी आवडतात. त्यामुळे त्याच्याशी तलवारीऐवजी उखाण्यांनी आणि कूटप्रश्नांनी सामना करता येतो, आणि असा प्रसंग मराठीत खेळताना फार रंगतो.

प्रकाराइतकेच वयही निर्णायक असते. पाचव्या आवृत्तीत पाच वर्षांपर्यंत पिल्लू, सहा ते १०० तरुण, १०१ ते ८०० प्रौढ आणि त्यापुढे प्राचीन अशा चार पायऱ्या आहेत. या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांनुसार लाल पिल्लाच्या आगीने होणारी इजा ठरवायला सहा बाजूंचे सात फासे टाकतात आणि प्राचीन लाल ड्रॅगनसाठी २६. आज ८०० ओलांडलेला ड्रॅगन सह्याद्रीत कल्पिला तर तो यादवांच्या सिंघणाच्या काळात अंड्यातून बाहेर आलेला असेल. बहमनी, निजामशाही, शिवकाल, पेशवाई हे सारे त्याने पाहिलेले असेल. इतक्या स्मृतीचा प्राणी केवळ लढाईपुरता वापरणे म्हणजे त्याला वाया घालवणे होय.

पुण्याच्या आसपासचा भूगोल या वर्गीकरणाला चांगली साथ देतो. सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा आहे, त्यामुळे लाल ड्रॅगन तिथे परका वाटत नाही. हिरव्यासाठी भीमाशंकरचे जंगल आहे, काळ्यासाठी उजनीच्या फुगवट्याकाठचा चिखल. कांस्य ड्रॅगनला किनारा लागतो, तो कोकणात न्यावा लागेल. पांढऱ्याला जवळपास कुठेच जागा नाही. ड्रॅगन खजिन्यावर बसतो हेही मराठी श्रोत्याला समजावून सांगावे लागत नाही. पुरलेल्या धनावर नाग असतो ही समजूत घरोघरी ऐकलेली असते.

रत्नांचे ड्रॅगन (अ‍ॅमेथिस्ट, स्फटिक, पाचू, नीलम, पुष्कराज) १९८० मध्ये ‘ड्रॅगन’ मासिकात आले. ते बहुधा तटस्थ असून मनःशक्ती वापरतात. पाचव्या आवृत्तीत त्यांना २०२१ मध्ये स्थान मिळाले. वायव्हर्न हा ड्रॅगनचा दूरचा नातेवाईक. त्याला दोनच पाय आणि शेपटीला विषारी नांगी असते, पण फूत्कार नसतो.

इतर खेळांनी वेगळ्या वाटा धरल्या. १९८९ च्या ‘शॅडोरन’मध्ये जादू परतलेल्या भावी जगात ड्रॅगन उद्योगसमूह चालवतात, आणि डंकेलझान हा ड्रॅगन तर निवडणूक लढवून राष्ट्राध्यक्ष होतो. ‘पाथफाइंडर’ने आधी रंगीत आणि धातूंची विभागणीच वापरली होती. २०२३ च्या सुरुवातीला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या मुक्त परवान्यावरून (ज्याखाली इतरांनाही त्याचे नियम वापरता येत) वाद पेटल्यावर ‘पाथफाइंडर’च्या सुधारित आवृत्तीने ही विभागणी सोडून दिली आणि ड्रॅगनांची मांडणी जादूच्या चार परंपरांनुसार नव्याने केली.