स्क्रीनवरची तारीख कुणाच्या घड्याळातली?

‘०४/०७/२०२५ पर्यंत अर्ज करा’ असं एखाद्या वेबसाइटवर लिहिलेलं असेल, तर मुदत कधी संपते? अमेरिकेतला वाचक म्हणेल ७ एप्रिलला. इंग्लंड, फ्रान्स किंवा ब्राझीलमधला म्हणेल ४ जुलैला. वाचण्यात दोघांचीही चूक नाही. पण मधे ८८ दिवस आहेत, आणि दोघांपैकी एकाच्या हाती चुकीची मुदत पडली आहे.

अशा दुहेरी अर्थाच्या तारखा वर्षात किती, हे सहज मोजता येतं. दिवसाचा आकडा १२ किंवा त्याहून कमी असेल, तरच तो महिना म्हणून खपतो. बारा महिन्यांचे पहिले बारा-बारा दिवस धरले की १४४ तारखा होतात. त्यातल्या १/१, २/२, ३/३ अशा बारा कशाही वाचल्या तरी त्याच राहतात. उरल्या १३२, म्हणजे वर्षातल्या एक तृतीयांशाहून जास्त. बाकीच्या तारखा मात्र निमूट बरोबर दिसतात आणि त्यामुळेच दोष लपतो. महिन्याच्या २५ तारखेला पान तपासणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. घोटाळा उघडा पडतो पुढच्या महिन्यात, तोही वाचकासमोर.

यावरचा उपाय इतका सोपा आहे की तो टाळायला मला तरी सबळ कारण दिसत नाही. महिना अक्षरांत लिहायचा: ‘४ जुलै २०२५’. दोन-चार अक्षरांची जागा जास्त जाते, पण जगातला कोणताही वाचक ही तारीख एकाच प्रकारे वाचतो. लांबलचक तक्ता किंवा फाइलींची नावं अशा ठिकाणी आकडेच हवे असतील, तर वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असा क्रम लावावा: २०२५-०७-०४. आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९८८ साली आलं, त्यातला हा क्रम. मोठा घटक आधी असल्यामुळे अशा तारखा नुसत्या अक्षरक्रमाने लावल्या तरी आपोआप कालक्रमाने लागतात. एक आकडी महिन्याआधी शून्य घालायला विसरलं, तर मात्र ऑक्टोबर फेब्रुवारीच्या आधी जाऊन बसतो.

वाचकाच्या भाषेप्रमाणे तारीख मांडून देण्याची सोय आजच्या सगळ्या ब्राउझरांमध्ये आहे. ती जरूर वापरावी, पण भाषा आणि ठिकाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे विसरू नये. कितीतरी लोकांच्या संगणकावर भाषा ‘अमेरिकन इंग्रजी’ असते, कारण मशीन तशीच आली आणि कुणी बदलली नाही. अशा माणसाला ब्राउझर महिना आधी दाखवतो आणि तो माणूस त्याला दिवस समजतो. महिना अक्षरांत असला की इथेही निभावून जातं. थाई भाषा निवडली, तर हाच कोड २०२५ ऐवजी बौद्ध पंचांगाचं २५६८ साल दाखवतो. थायलंडमधल्या वाचकाला तेच हवं असतं. पण प्रोग्रामने तो मजकूर पुन्हा तारीख म्हणून वाचायला घेतला, की ५४३ वर्षांची उडी ठरलेली. लोकांसाठी मांडलेली तारीख पुन्हा हिशेबात घेऊ नये, ती त्यासाठी नसतेच.

इथपर्यंतचा मामला लिहिण्याच्या पद्धतीचा होता. वेळ आली की प्रश्न खोल जातो. तारीख-वेळेचे बहुतेक बग, म्हणजे प्रोग्राममधले दोष, मला एकाच ठिकाणी उगम पावताना दिसतात. स्क्रीनवर सारख्याच दिसणाऱ्या तीन वेगळ्या गोष्टी प्रोग्राममध्ये एकाच खणात कोंबलेल्या असतात.

पहिली गोष्ट म्हणजे घडून गेलेला क्षण. मेसेज पाठवला, पैसे जमा झाले, सर्व्हर बंद पडला. संगणक असा क्षण सहसा १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून मोजलेल्या सेकंदांत ठेवतात, आणि ती मध्यरात्र यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेची असते. हा आकडा साऱ्या जगात एकच असतो. दाखवताना वाचकाच्या टाइमझोनमध्ये बदलून दाखवला की काम झालं. वाचक कोणत्या टाइमझोनमध्ये आहे हे ब्राउझर स्वतःच सांगतो, त्यामुळे भाषेवरून किंवा इंटरनेटच्या पत्त्यावरून अंदाज बांधत बसायची गरज नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नुसता दिवस. जन्मतारीख, सुट्टी, पासपोर्टची मुदत. याला तास-मिनिटं नसतात आणि टाइमझोनही नसतो. १२ मार्चला जन्मलेला माणूस जगात कुठेही गेला तरी त्याची जन्मतारीख १२ मार्चच असते. आता जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे वेबपानं ज्या प्रोग्रामिंग भाषेवर चालतात तिच्यात, काय होतं ते जवळून पाहू. फॉर्ममध्ये कुणी जन्मतारीख भरली, ‘१९९०-०३-१२’. जावास्क्रिप्टची जुनी तारीख-व्यवस्था नुसता दिवस ओळखतच नाही, तिला सगळ्याचा क्षण करावा लागतो. म्हणून ती या मजकुराला ‘१२ मार्च १९९०, यूटीसीप्रमाणे मध्यरात्र’ असा अर्थ चिकटवते. न्यूयॉर्कमधल्या माणसाने पान उघडलं, की हा क्षण त्याच्या घड्याळात बसवला जातो. न्यूयॉर्क तेव्हा यूटीसीच्या पाच तास मागे होतं, म्हणून उत्तर येतं ११ मार्च, संध्याकाळचे सात. पान वेळ दाखवत नाही, फक्त तारीख दाखवतं. माणूस एक दिवस आधी जन्मलेला दिसतो.

त्यातही बारीक खोच अशी, की त्याच तारखेपुढे ‘००:००’ अशी वेळ जोडली आणि टाइमझोन लिहिला नाही, तर तीच भाषा तो मजकूर स्थानिक वेळ म्हणून वाचते आणि दोष नाहीसा होतो. ग्रीनविचच्या पूर्वेला बसलेल्या डेव्हलपरला तर हा बग दिसतच नाही, कारण तिथे यूटीसीची मध्यरात्र म्हणजे त्याच दिवसाची सकाळ किंवा दुपार. उपाय एकच: जन्मतारखेचा क्षण करूच नये, वर्ष-महिना-दिवस असेच तीन आकडे ठेवावेत. जावास्क्रिप्टमध्ये आता टेम्पोरल नावाची नवी व्यवस्था येत आहे. तिच्यात नुसत्या दिवसासाठी वेगळा प्रकार आहे, आणि मला तिचं सर्वांत मोठं काम हेच वाटतं.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी: पुढे ठरलेली वेळ. ‘सोमवारी सकाळी नऊला बैठक’ हा सेकंदांत मोजून ठेवण्यासारखा क्षण वाटतो, पण तो तसा नाही. लोकांनी ठरवलेलं असतं ते भिंतीवरच्या घड्याळातले नऊ, आणि घड्याळ कसं चालायचं हे सरकारं ठरवतात. लेबनॉनमध्ये दर उन्हाळ्याप्रमाणे २६ मार्च २०२३ ला घड्याळं तासभर पुढे जायची होती. ते लांबणीवर टाकल्याची घोषणा झाली जेमतेम तीन दिवस आधी. काही संस्थांनी तरीही घड्याळं पुढे केली, काहींनी नाही. काही दिवस एकाच देशात दोन वेगळ्या वेळा चालल्या. शेवटी निर्णय फिरला आणि २९ मार्च संपून ३० मार्च सुरू होतानाच्या मध्यरात्री घड्याळं पुढे गेली. समजा, लेबनॉनची राजधानी बैरूत इथली २७ मार्चची सकाळी नऊची बैठक एखाद्या कॅलेंडरने महिनाभर आधी यूटीसीत बदलून ‘सकाळी सहा’ अशी साठवली होती. नव्या फर्मानाप्रमाणे यूटीसीचे सहा म्हणजे बैरूतमधले आठ. बैठकीचा तास कुणीही हलवला नव्हता, तरी स्क्रीनवर तो हलला.

म्हणून पुढची वेळ साठवताना ‘२७ मार्च, ९:००, बैरूत’ हेच साठवावं आणि यूटीसीचा हिशेब ऐन वेळी करावा. इथे ‘बैरूत’ लिहिणं आणि ‘यूटीसी अधिक दोन’ लिहिणं यात मोठा फरक आहे. अधिक दोन हा त्या घडीचा फरक, तर बैरूत म्हणजे त्या जागेचे सगळे नियम, झालेले आणि होणारे. हे नियम एका सार्वजनिक डेटाबेसमध्ये असतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात तो सुरू केला. आज पॉल एगर्ट त्याची देखभाल करतात आणि जगभरातले स्वयंसेवक बदल कळवत राहतात. आपले फोन, सर्व्हर, ब्राउझर बहुतेक त्यावरच चालतात. इतकं मोलाचं काम इतक्या थोड्या गाजावाजात चालू आहे, याचं मला फार अप्रूप आहे. सामोआ देशाने ३० डिसेंबर २०११ हा दिवस अख्खा गाळला, त्याचीही नोंद त्यात आहे.

फरकाचा आकडा पाठ करून ठेवणाऱ्यांची दरवर्षी मार्चमध्ये फसगत होते. न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यात पाच तासांचा फरक असतो, हे अनेकांना ठाऊक असतं. पण २०२५ मध्ये अमेरिकेने ९ मार्चला घड्याळं पुढे केली आणि ब्रिटनने ३० मार्चला. मधले तीन आठवडे फरक चारच तासांचा होता. दर आठवड्याच्या बैठकीची वेळ दाखवताना ‘दुपारी ३ (लंडन)’ असं शहराचं नाव सोबत हवं आणि खाली वाचकाची स्थानिक वेळ. तीन अक्षरी संक्षेपांवर विसंबू नये. ‘आयएसटी’ भारताची, आयर्लंडची की इस्रायलची? ‘सीएसटी’ शिकागोची की चीनची?

मुदतीसाठी ‘१५ तारखेच्या रात्री १२ पर्यंत’ असंही लिहू नये. ते बारा १५ तारीख सुरू होतानाचे की संपतानाचे, यावर माणसं प्रामाणिकपणे दोन गटांत विभागली जातात. ‘१५ जुलै, रात्री ११:५९’ म्हटलं की वाद मिटतो.

‘३ तासांपूर्वी’ ही शैली आता सगळीकडे पसरली आहे. ताज्या मेसेजसाठी ती छान आहे, कारण डोक्यात वजाबाकी करावी लागत नाही. पण पान उघडंच राहिलं, स्क्रीनशॉट काढला किंवा कागदावर छापून घेतलं, की ‘३ तासांपूर्वी’ला काही अर्थ उरत नाही. ‘१ वर्षापूर्वी’ तर तेरा महिन्यांनाही म्हणतात आणि तेवीसलाही. औषधोपचाराच्या नोंदी, व्यवहार, तक्रारी अशा ठिकाणी पूर्ण तारीख-वेळच हवी. माउस वर नेल्यावर पूर्ण तारीख दिसते, हे उत्तर पुरेसं नाही. फोनवर माउस नसतो.

तारीख भरून घेतानाही हाच विचार लागतो. पुढच्या आठवड्यातली भेट ठरवायला कॅलेंडरचं चित्र उत्तम, कारण वार दिसतो. जन्मतारखेसाठी तेच चित्र दिलं, तर साठीतल्या माणसाला महिन्यामागून महिने मागे जावं लागतं. ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटींसाठीच्या नियमावलीत पाठ असलेल्या तारखांसाठी दिवस, महिना, वर्ष अशा तीन साध्या चौकटी सुचवल्या आहेत, आणि ते अगदी योग्य आहे.

तपासणीसाठी एक जोडी मला विशेष उपयोगी वाटते. प्रशांत महासागरातलं किरिटिमाटी बेट यूटीसीच्या १४ तास पुढे आहे आणि होनोलुलू १० तास मागे. दोन्ही ठिकाणच्या घड्याळांत काटे कायम सारखेच असतात, फक्त तारखेत एका दिवसाचा फरक असतो. संगणकाचा टाइमझोन आधी किरिटिमाटी आणि मग होनोलुलू असा ठेवून तेच पान दोनदा उघडावं. मेसेजची वेळ दोन्हीकडे तीच आणि तारीख एका दिवसाने वेगळी दिसली पाहिजे. जन्मतारीख मात्र दोन्हीकडे एकच दिसली पाहिजे.